बडोद्याहून बोर्डीपर्यंत: खाऱ्या हवेत हाताने पाट्या रंगवण्याचा सराव

बडोद्यात रंगवलेली पत्र्याची पाटी आपल्या चुका बरीच वर्षं झाकून ठेवते. तीच पाटी वलसाडजवळच्या तिथल गावच्या किनाऱ्यावर चहाच्या टपरीला लावा, एका पावसाळ्यात सगळं उघडं पडतं: प्रायमर कुठे पातळ राहिला, कड कुठे कोरी सुटली, लाल रंग कितपत दमाचा होता. हात घरी बसूनही वळतो. रंग, पत्रा आणि वारा एकत्र कसे वागतात ते मात्र समुद्रकाठच्या छोट्या गावांतच कळतं. शिवाय बडोदा ते बोर्डी या सरावाच्या वाटेवर लिपी बदलते. उमरगावपर्यंत पाट्या गुजराती, आणि हद्द ओलांडून काही किलोमीटर गेलं की बोर्डीत देवनागरी. बडोद्याच्या मराठी माणसाला दोन्ही लिप्या वाचायची लहानपणापासून सवय असते. वाचता येतं म्हणून ब्रशने लिहिता येईलच असं नाही, त्याबद्दल पुढे.

वाट आणि वेळ

मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या आसपासच सगळी गावं आहेत. नवसारीला उतरून दांडी, मग वलसाडहून तिथल, उदवाडा, उमरगाव, आणि शेवटी घोलवड स्टेशनवरून बोर्डी. बडोदा ते वलसाड साधारण २०० किलोमीटर. त्यापुढे गावं जवळजवळ आहेत, पॅसेंजर पुरते. उदवाडा आणि उमरगाव ही दोन्ही गावं स्टेशनपासून लांब आहेत, रिक्षाचा खर्च धरा. उदवाड्यात १७४२ पासून पारशांचा इराणशाह हा पवित्र अग्नी आहे, तिथे गुजरातीच्या जोडीने रोमन अक्षरांचाही सराव होतो.

आठ-नऊ दिवस आणि चार गावं पुरेत. एका गावात दोन रात्री तरी राहायला हवं, कारण ऑइल पेंटचा एक हात कडक वाळायला १६ ते २४ तास लागतात. आज जमीन मारली, म्हणजे पाटीचा मागचा सपाट रंग दिला, तर अक्षर उद्याच. एका दिवसात पाटी उरकून पुढच्या गाडीला पळणारे ओल्या जमिनीवर अक्षर लिहितात आणि ते सुरकुतलं की रंगाला दोष देतात.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. मार्चनंतर दुपारी पत्रा इतका तापतो की रंग ब्रशखालीच ओढायला लागतो. थंडीची अडचण वेगळी: पहाटेचं दव. साडेनऊच्या आधी पत्र्यावर हात फिरवून बघा, गार आणि चिकट लागला तर थांबा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि बारीक वाळू उडवतो, ती ओल्या रंगात रुतते. म्हणजे कामाची खरी वेळ साडेनऊ ते एक. संध्याकाळी हात मारला तर रंग धरायच्या आधी दव पडतं आणि सकाळी चमक जाऊन वर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. ती पुसून जात नाही, घासून पुन्हा हात मारावा लागतो.

सामान

पहिली गोष्ट: टर्पेंटाइन आणि ऑइल पेंटचे डबे रेल्वेत नेऊ नका. ज्वालाग्राही माल गाडीत नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रंग त्या त्या गावात घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ५०, १०० आणि २०० मिलीचे डबे मिळतात, आणि रंग घेताना दुकानदाराशी झालेल्या बोलण्यातून पहिलं काम मिळण्याची शक्यता असते.

बडोद्याहून न्यायचे ते ब्रश. चपटे पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंची; वळणांसाठी मऊ केसांचे गोल ४ आणि ८ नंबरचे; जमीन मारायला दोन इंची. ब्रश विकत घेताना बोटावर दाबून सोडा, केस एका धारेत परत आले तरच घ्या. सोबत अडीच फुटी काठी, तिच्या टोकाला कापडाचा घट्ट गोळा: पाटीवर ती टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचं. सुताची दोरी, निळीची पूड, मऊ पेन्सिल, खडू, स्टीलची पट्टी, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, जुन्या सुती धोतराचे तुकडे. एक चकचकीत फरशीचा तुकडा किंवा जुनं प्लॅस्टिकचं झाकण ब्रश पाजायला, म्हणजे रंगात घोळवून त्याची धार बसवायला.

रंगाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर ऑइल पेंट एका हाताला साधारण १० चौरस मीटर जातो. ३ बाय २ फुटांची पाटी म्हणजे जेमतेम ०.५६ चौरस मीटर, तेव्हा जमिनीच्या दोन हातांना ११० ते १२० मिली. सांडलवंड धरून २०० मिलीचा एक डबा. अक्षराच्या प्रत्येक रंगाला ५० मिली भरपूर. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, उघडलेल्या डब्यावर साय धरते आणि तिचे तुकडे अक्षरात येतात. आलेच तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यायचं, ढवळून मोडायचं नाही.

पातळ करायला टर्पेंटाइनच. रॉकेल घातलं की रंग वाळायला दुप्पट वेळ घेतो आणि मेल्यासारखा दिसतो.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

वर्तमानपत्र आडवं करा. छोट्या जाहिरातींचे रकाने आडवे झाले की आयत्या रेघा मिळतात. पाण्यात कालवलेला गेरू किंवा पोस्टर कलर घेऊन रोज दोन पानं: एक पान नुसते उभे दांडे, दुसऱ्यावर डावी आणि उजवी अर्धवर्तुळं. अक्षर काढूच नका. दांडा वरून खाली एका दमात ओढायचा, ब्रश कधीही पुढे ढकलायचा नाही. वळणावर मनगट फिरत नाही. ब्रशची दांडी अंगठा आणि तर्जनीमध्ये गोल फिरते, चावी फिरवल्यासारखी. हे न जमल्यास वळणाच्या मध्यावर धार उलटते आणि तिथे अक्षर बारीक पडतं. शेवटचे तीन दिवस ऑइल पेंट घेऊन काचेच्या तुकड्यावर करा, पुसून पुन्हा वापरता येतो.

काम कसं मागायचं

गावात उतरल्यावर आधी पाट्यांचा उजवा खालचा कोपरा वाचा. पेंटर तिथे आपलं नाव आणि फोन नंबर टाकतो. तीन-चार पाट्यांवर एकच नाव दिसलं की तो तिथला माणूस. आधी त्याला जाऊन भेटा. त्याच्या गावात त्याच्यापेक्षा स्वस्त काम करून देणं हा सराव नव्हे, त्याच्या पोटावर पाय आहे. त्याची जमीन मारून द्या, पत्रे घासून द्या. बदल्यात तो त्याच्या हातची वळणं दाखवेल आणि ज्या टपऱ्यांना कधीच पैसे देऊन पाटी करायची नाही त्या सांगेल. सरावाला त्याच हव्यात: सायकल दुरुस्ती, नारळपाणी, गोळ्याची गाडी, चिकूचा ठेला.

गुजरात बाजूला सरळ विचारावं, "काका, आ पाटियुं फरी चीतरी आपुं? पैसा नथी लेवाना, खाली कलरना आपजो." (काका, ही पाटी पुन्हा रंगवून देऊ? पैसे नकोत, फक्त रंगाचे द्या.) रंगाचे पैसे जरूर घ्या. फुकट पाटीला मालक लक्ष देत नाही, मजकुरातली चूकही तो रंग वाळल्यावर सांगतो. मजकूर कागदावर लिहून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, फोन नंबर दोनदा. बोर्डीकडे आणखी एक बघा: महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीतच हवी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. मालकाने इंग्रजी नाव मोठं मागितलं तर रंग उघडण्याआधीच हे सांगा.

पत्रा तयार करणं

इथेच अर्धं यश आहे आणि इथेच सगळे घाई करतात. समुद्रकाठच्या पत्र्यावर डोळ्याला न दिसणारं मीठ असतं. ते रंगाखाली राहिलं की पाणी ओढून घेतं आणि चार महिन्यांत मोहरीएवढे फोड येतात. बोटाने दाबलात तर आतून पाणी निघतं. म्हणून क्रम असा: तारेच्या ब्रशने गंज काढा, १२० नंबरने घासा, मग गोड्या पाण्याने दोनदा धुवा. समुद्रकाठी काही ठिकाणी बोअरचं पाणीही मचूळ असतं, ते जिभेवर घेऊन बघा, नाहीतर मीठ धुवायला मीठच वापराल. लगेच कोरड्या कापडाने पुसा, अर्धा तास उन्हात ठेवा आणि त्याच तासात रेड ऑक्साइड प्रायमरचा पहिला हात द्या. दुपारपर्यंत उघडा ठेवलेला पत्रा नारिंगी पडतोच, तो परत घासावा लागेल.

प्रायमर आधी कडांना आणि भोकांना लावा, मग मधल्या भागाला. धारेवरून रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंज तिथूनच शिरतो. पाठीमागची बाजूही रंगवा. ती कोणी बघत नाही, म्हणून कोणी रंगवत नाही, आणि पाटी मागूनच सडते.

नवा जस्ताचा पत्रा, म्हणजे जीआय, असेल तर साधा प्रायमर चालत नाही. जस्त आणि तेलाचा रंग यांच्यात साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षाच्या आत रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर आधी इच प्रायमर, म्हणजे जस्ताला धरणारा खास प्रायमर, हवा. तो गावात मिळाला नाही तर ते काम सोडून द्या. हाच प्रकार नव्या सिमेंटच्या भिंतीवर होतो: गिलावा २८ दिवस मुरल्याशिवाय त्यावर ऑइल पेंट नको, आणि तसाही भिंतीला बाहेरचा अॅक्रिलिक इमल्शनच बरा. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर तिथे काहीच लिहू नका, तो आतून येतच राहतो.

मांडणी

धरा, ३ बाय २ फुटांची पाटी आणि मजकूर "गणेश टी स्टॉल", खाली फोन नंबर. उंची २४ इंच. वर-खाली दोन-दोन इंच मोकळे. नावाला ११ इंचांची पट्टी: वेलांटी-मात्रेला वर अडीच, अक्षराच्या अंगाला सहा, उकाराला खाली अडीच. मध्ये एक इंच. खालच्या ओळीला आठ. झाले २४. नवखा माणूस मात्रेची जागा धरत नाही, आणि "टी"ची वेलांटी पाटीच्या कडेला आपटून चपटी होते. दहा फुटांमागे एक इंच असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे सहा इंची अक्षर साठ फुटांवरून सहज वाचता येतं.

रुंदी ३६ इंच, दोन्हीकडे तीन-तीन सोडून ३० उरतात. सहा अक्षरं साडेचार इंचांची म्हणजे २७, शब्दांमधल्या दोन जागा दीड-दीड. बसलं. मालकाला पुढे "श्री" हवा असेल तर तो वर मध्यभागी लहान काढा, ओळीत घुसवलात तर सगळ्यांचीच कंबर आवळली जाईल. "स्टॉ"ला जास्त जागा द्या आणि ती "ग"मधून काढा. दांड्याची जाडी उंचीच्या सहाव्या ते आठव्या हिश्श्याइतकी, इथे पाऊण ते एक इंच.

रेघा दोरीने मारा. निळीत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची. दोरी सरळ पाटीच्या काटकोनात उचला, तिरकी उचललीत तर रेघ धनुष्यासारखी पडते. एकच पाटी पुन्हा करायची असेल तर बटर पेपरवर खाका काढा, रेषेवर सुईने दोन-दोन मिलिमीटरवर टोचा आणि निळीच्या पुरचुंडीने थापा. जोरात आपटू नका, हलकी थाप पुरते.

डोक्याची रेघ, आणि तिच्याविना

देवनागरीत शिरोरेघा आधी रंगवून तिला अक्षरं टांगायचा मोह होतो. नको. सांध्यावर रंगाचा दुहेरी थर बसतो आणि तिथूनच ओघळतो. पेन्सिलीने शिरोरेघेच्या दोन्ही कडा आखा, आधी उभे दांडे रंगवा, मग पोटं आणि वळणं, शिरोरेघा सगळ्यात शेवटी, चपट्या ब्रशने, शब्दागणिक एका ओढीत. तिची जाडी दांड्यापेक्षा किंचित कमी ठेवा, आडवी रेघ डोळ्याला जाडच भासते. ओढ सुरू करण्याआधी कुठे थांबायचं ते खडूने खूण करून ठेवा: "भ" आणि "ध" यांच्या डोक्यावर रेघ तुटते. न थांबता पुढे गेलात की भजी "मजी" होते आणि धनलक्ष्मी "घनलक्ष्मी". मराठी बाजूला "ल" आणि "श" आपल्या वळणाचे काढा. मोबाइलवरून नमुना घेतला तर हिंदी वळणाचे येतात आणि बोर्डीच्या माणसाला ते लगेच खटकतात, कारण सांगता आलं नाही तरी.

गुजरातीत ही रेघच नाही, आणि मराठी हाताची खरी परीक्षा इथे होते. देवनागरीत शिरोरेघा अक्षरांना बांधून ठेवते, अंतर थोडं चुकलं तरी चालून जातं. गुजरातीत प्रत्येक अक्षर सुटं उभं. दोन अक्षरांमध्ये वाळू ओतली तर प्रत्येक फटीत सारखीच मावली पाहिजे, असं बघा. दोन उभे दांडे शेजारी आले तर अंतर जास्त, वाटोळं अक्षर आलं तर कमी, आणि गुजराती "र" अंगाने बारीक आणि उघडा असल्याने पुढचं अक्षर त्याच्याजवळ सरकवा. वाटोळ्या माथ्याची अक्षरं रेघेच्या किंचित वर जाऊ द्या. बरोबर रेघेवर थांबवलीत तर बुटकी दिसतात. आणि दांड्याचा पाय: गुजराती दांडा तळाशी उजवीकडे हलकासा वळतो. आपण सवयीने तो सरळ खाली आणून सोडतो आणि पाटी कोणीतरी पाहुण्याने लिहिल्यासारखी दिसते.

गुजराती आकड्यांत "२" आणि अक्षर "र" जवळजवळ सारखेच, तसाच "५" आणि "प". फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहिणं सुरक्षित.

रंगांबद्दल थोडं: उन्हात लाल आधी विटतो, गुलाबीकडे जातो. फ्लोरोसंट तर एक उन्हाळाही नीट काढत नाही. काळा, निळा आणि गेरूच्या जातीचे तांबडे टिकतात. पिवळ्यावर काळा किंवा निळ्यावर पांढरा घ्या. लाल फक्त अक्षराच्या छायेला.

रंग किती पातळ हवा? ब्रश उचलला की धार सलग पडून झाकणावर क्षणभर उंचवटा राहावा आणि मग मिसळावा. लगेच मिसळला तर ओघळेल, राहिलाच तर दांड्यावर केसांचे चरे दिसतील. वाऱ्यात टर्पेंटाइन उडून जातं, दर वीस मिनिटांनी दोन-चार थेंब घाला. दिवस संपला की ब्रश टर्पेंटाइनने तीनदा धुवा आणि केसांना खोबरेल किंवा मोहरीचं तेल लावून आडवे ठेवा. अळशीचं तेल लावू नका, ते स्वतःच वाळतं आणि ब्रशची काडी होते.

बोटीवर नाव

नावाचं काम कोणी दिलं तर घ्या, नोंदणी क्रमांकाला हात लावू नका. तो कसा आणि कुठे लिहायचा हे मत्स्यखात्याच्या नियमाने ठरतं. बोट वाळूवर बसलेली असताना काम करायचं. ओहोटी ते भरती सहा तासांच्या आसपास, आणि ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त वर येतं, भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस निवडा. फळ्यांच्या सांध्यावर अक्षराचा दांडा येऊ देऊ नका, लाकूड हललं की तिथेच चीर जाते. फायबरच्या बोटीची चकाकी २२० नंबरने मोडल्याशिवाय रंग धरत नाही. पुढच्या निमुळत्या भागावर दोरीची रेघ सरळ दिसत नाही. लवचिक लाकडी पट्टी अंगाला टेकवा, वीस पावलं मागे जाऊन बघा आणि मगच खूण करा.

पावसाळ्यानंतर परत जा

दिवाळी झाली की त्याच गावांतून एक चक्कर मारा, ब्रश न घेता. पाटी रंगवताना मागच्या बाजूला खडूने नव्हे, रंगाने तारीख आणि किती हात दिले ते लिहून ठेवलेलं असावं. बारीक फोड आले असतील तर धुणं कमी पडलं. पापुद्रे सुटून खाली चकचकीत जस्त दिसत असेल तर प्रायमर चुकला. नुसत्या कडा गंजल्या तर प्रायमर कडांपासून सुरू केला नव्हता. खिळ्याखाली तांबडा ओघळ असेल तर पाटीचा दोष नाही, लोखंडी खिळा काढून पितळी स्क्रू द्या. बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर रंग उन्हाने खडूसारखा झालाय. ४०० नंबरने पुसटसं घासून अक्षर वाचवता येतं. अक्षरांना सुरकुत्या दिसत असतील तर तारीख बघा, जमीन आणि अक्षर एकाच दिवशी उरकलेलं असेल.